सीआरएम बदलला, आता ग्राहकांच्या फाइली कशा जोडायच्या?

नवीन सीआरएमवर (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) गेल्यावर गुगल ड्राइव्हमधल्या फाइली ग्राहकाच्या नोंदीला पुन्हा कशा जोडायच्या, यावर सतत विचारणा होते. निवडक प्रश्नांना उत्तरे देतो.

ड्राइव्हमधले फोल्डर नीट लावले, तर जुन्या लिंक तुटतील का?

गुगल ड्राइव्हमध्ये नाही. फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले तरी लिंक तीच राहते. डाउनलोड करून पुन्हा चढवली किंवा कॉपी केली, तर मात्र नवी लिंक तयार होते.

लिंक दाबली की परवानगी मागते. फाइली उडाल्या का?

बहुधा नाही. आधी कोणत्या खात्याने लॉगइन आहात ते बघा. फाइली नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या 'माय ड्राइव्ह'मध्ये असतील, तर त्याचे खाते काढून टाकण्यापूर्वी मालकी बदलून घ्या. हे आजच अॅडमिनशी बोला.

एक्सेलमध्ये व्हीलूकअप (एका यादीतला आयडी दुसऱ्या यादीत शोधून त्यासमोरची माहिती आणणारे सूत्र) लावून लिंक जोडल्या. आता एकाच्या नोंदीत दुसऱ्याचे पॅन कार्ड उघडते. असे का?

हे मी वारंवार सांगतो, तरी प्रत्येक स्थलांतरात हाच घोळ होतो. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरते. काही सीआरएममध्ये रेकॉर्ड आयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र क्रमांक, १९ अंकी असतो. सीएसव्हीवर (सीआरएममधून काढलेल्या नोंदींच्या साध्या मजकूर फाइलीवर) डबल क्लिक केले, की ४८७६८७६००००००६२४०१७ हा आयडी ४.८७६८८ई+१८ असा दिसतो आणि उघडतानाच शेवटचे चार अंक शून्य होतात; सेव्ह केले, की ते कायमचे जातात. मग लागोपाठचे कितीतरी ग्राहक एकाच आयडीवर येतात आणि व्हीलूकअप त्यातला पहिला उचलून मोकळे होते. एररही येत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही.

सेल्सफोर्स या सीआरएमचा १५ अक्षरी आयडी असेल तर वेगळाच सापळा. तिथे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक असतो, व्हीलूकअप तो जाणत नाही. तिथे १८ अक्षरी आयडीच घ्या.

शून्य झालेले अंक परत येत नाहीत. जुन्या सिस्टीममधून ताजी सीएसव्ही काढा, एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि आयडीचा कॉलम तेव्हाच 'टेक्स्ट' करा. नव्या सीआरएममध्ये 'जुना आयडी' असे वेगळे फील्ड ठेवा. नावावरून जुळवणी कधीही करू नका. एकाच तालुक्यात चार संतोष पाटील सापडतात. सगळ्या नोंदींना हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि डेटाचे काम जाणणाऱ्याला थोड्या नोंदी तपासायला द्या.

'सगळ्या फाइली "लिंक असलेल्या कोणालाही" अशा करा, कटकट मिटेल,' असे एका ओळखीच्याने सुचवले. करू का?

अजिबात नको. ती लिंक व्हॉट्सअॅपवर फिरली, की ग्राहकाचे आधार कार्ड कोणाच्याही हाती पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे, सल्ला देणाऱ्यावर नाही. फाइली 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये (एका माणसाच्या नव्हे, संस्थेच्या मालकीच्या ड्राइव्हमध्ये) ठेवा, गरजेच्या माणसांनाच प्रवेश द्या. कायद्याचे वकिलाला विचारा.

विक्रेता म्हणतो, 'एका क्लिकमध्ये सगळे येते, जुने सबस्क्रिप्शन आज बंद करा.'

त्याला कमिशन मिळेल, फाइली तुमच्या जातील. लिंक ही फक्त पत्ता असते, पण जुन्या सीआरएममध्ये चढवलेले अटॅचमेंट तिथल्याच सर्व्हरवर असते. आधी अटॅचमेंटचे वेगळे एक्सपोर्ट काढा, दोन्हीकडची संख्या जुळवा, शेपाचशे नोंदी स्वतः उघडून बघा. 'एका क्लिक'मध्ये अटॅचमेंट धरली आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोपर्यंत जुने सबस्क्रिप्शन चालू ठेवा.