मिन्जुंग धर्मशास्त्र म्हणजे बायबलच्या आडून मांडलेला मार्क्सवादच नाही का?

नाही, असं माझं ठाम मत आहे. मिन्जुंग म्हणजे दडपलेली सामान्य जनता, आणि तिच्या बाजूने बायबल वाचणारा दक्षिण कोरियातला ख्रिस्ती विचार म्हणजे मिन्जुंग धर्मशास्त्र. तिथले हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीतही कामगारांमध्ये काम करणाऱ्या पाद्र्यांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला जायचा. सो नाम-दोंग यांच्यासारख्या धर्मपंडितांनी सामाजिक-आर्थिक इतिहासाचा आधार घेतला हे खरं, पण या विचाराचा उगम वेगळा आहे.

१३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या कपडा बाजारात चॉन थे-इल या २२ वर्षांच्या कटिंग कामगाराने स्वतःला पेटवून घेतलं. ताठ उभंही राहता येणार नाही अशा माळ्यांवर कोवळ्या मुली चौदा-चौदा तास शिवणकाम करत. कामगार कायदा होता, पण पाळत कोणी नव्हतं. चॉनने अर्ज-विनंत्या करून पाहिल्या होत्या. 'आम्ही यंत्रं नाही' असं ओरडत तो गेला. तो स्वतः चर्चमध्ये जाणारा मुलगा होता.

जर्मनीत शिकलेले कोरियन धर्मपंडित आन ब्योंग-मू या मृत्यूने हादरले आणि मार्ककृत शुभवर्तमान नव्याने वाचू लागले. येशूभोवतीच्या गर्दीसाठी मार्क 'ओख्लोस' हा ग्रीक शब्द वापरतो. मराठी बायबलात तिथे 'लोकसमुदाय' येतो, आणि आपण वाचून पुढे सरकतो. आन तिथेच थांबले. जकातदार, रोगी, पापी ठरवलेले, ज्यांना कुठेच जागा नाही असे लोक म्हणजे ओख्लोस, आणि तेच मिन्जुंग. मिन्जुंगची व्याख्या करायला मात्र आन यांनी नकार दिला. मार्क्सचा कामगारवर्ग उत्पादनातल्या स्थानावरून ठरतो. इथे महारोगीही येतो. सो यांनी भर दिला 'हान'वर, म्हणजे पिढ्यानपिढ्या मनात साचलेल्या दुःखावर. ते ऐकणं हेच त्यांच्या मते पुरोहिताचं काम. १९७६च्या लोकशाहीवादी जाहीरनाम्यासाठी दोघेही तुरुंगात गेले.

बहुतेक मोठी चर्चेस मात्र यापासून दूरच राहिली.

हा विचार प्रत्यक्षात कसा जगला गेला याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण म्हणजे इंचॉन शहरातली दोंगिल कापड गिरणी. चो ह्वा-सून ही मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री १९६६ मध्ये तिथे साधी कामगार म्हणून राबली. बायबल शिकवणं नंतर, आधी घाम. १९७२ मध्ये तिथल्या बायकांनी आपल्यातलीच एक युनियनची अध्यक्ष निवडली. कोरियात हे पहिल्यांदाच घडलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्या मतदानाला आल्या तेव्हा कंपनीच्या बाजूच्या पुरुषांनी त्यांच्या अंगावर विष्ठा फेकली. पोलीस बघत राहिले. पुढे १२४ कामगारांना काढून टाकलं.