पोलला ‘कौल’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या मतदानाच्या, बातम्या मराठीत वाचताना ‘वर्षभर आधीच्या पोलमध्ये मतदारांचा अमक्याला कौल’ अशी वाक्यं दिसतात, तर पोलला कौल म्हणणं बरोबर का, आणि नसेल तर काय म्हणायचं.

मला विचाराल तर अजिबात म्हणू नये. कौल हा मुळात अरबीतून आलेला शब्द, अर्थ बोल, वचन. जुन्या कागदांत ओसाड पडलेलं गाव परत वसवायला रयतेला कौल दिल्याचे उल्लेख येतात, म्हणजे सारा अमुकच घेऊ, त्रास देणार नाही असा सरकारचा शब्द. आणि कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात ते मी आजोळी लहानपणापासून बघितलंय, गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवलेल्या असतात, देवळात कोणी खोकतसुद्धा नाही, आणि उजवीकडची कळी घरंगळली की मामा उठून उभे राहायचे, कारण विषय संपलेला असायचा, विहीर खणायची तर खणायची. कौल मिळाला की तो पाळायचा असतो. म्हणून मतमोजणी झाल्यावर ‘जनतेचा कौल’ म्हणतो ते अगदी चपखल आहे.

गोव्यातला वाचक तर याने जास्तच गोंधळेल. तिथे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर मतदान झालं, इंग्रजीत त्याला ओपिनियन पोल हेच नाव, आणि आपल्याकडे जनमत कौल. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१, आणि गोवा वेगळा राहिला. आता ज्या शब्दाने एका प्रदेशाचं भवितव्य ठरलं तोच शब्द हजारेक लोकांना फोन करून किंवा ऑनलाइन विचारलेल्या प्रश्नाला कसा लावायचा?

त्या प्रश्नाचं व्याकरण बघा, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पोलवाला साधारण असं विचारतो की ‘आज प्रायमरी असती तर तुम्ही कोणाला मत दिलं असतं?’ हा संकेतार्थ झाला, असती, असतं. बातमीत येईपर्यंत त्याचं ‘मतदारांनी मत दिलं’ होतं, सरळ भूतकाळ, म्हणजे जे घडलंच नाही ते घडून गेलं! त्यात हजार जणांच्या सॅम्पलला साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, आणि त्यातले त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देणारे वेगळे काढले की आकडा अजून लहान होतो आणि चूक वाढते, शिवाय ‘अजून ठरवलं नाही’ म्हणणारे असतातच.

‘पसंती’सुद्धा मी जपून वापरीन. आपल्याकडे मुलाकडून पसंती आली म्हणजे पुढे बोलणी, याद्या, साखरपुडा. सुरुवातीचे पोल अजून बघाबघीतच असतात, तिथे लोक बरेचदा ओळखीचं नाव सांगून मोकळे होतात. २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या देशपातळीवरच्या पोलमध्ये वर्षातला बराच काळ रुडी जुलियानी पुढे होते, २००१ च्या हल्ल्याच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर म्हणून घराघरात माहीत असलेला माणूस. त्यांनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, २९ जानेवारी २००८ ला तिथे तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर, उमेदवारी मिळाली जॉन मॅकेनना. २००७ मध्येच डेमोक्रॅटिक बाजूला देशभरच्या पोलमध्ये हिलरी क्लिंटन पुढे होत्या आणि ३ जानेवारी २००८ ला आयोवा राज्यात प्रत्यक्ष मतं पडली तेव्हा जिंकले ओबामा. त्या पोलना कौल म्हटलं असतं तर मग आयोवातल्या मतांना काय म्हणणार?

मग म्हणायचं काय? शीर्षकात ‘कल’ छान बसतो, कलणे म्हणजे झुकणे, पडणे नव्हे. फक्त मतमोजणीच्या सकाळी टीव्हीवर ‘सुरुवातीचे कल हाती’ म्हणतात तेव्हा ती खरी मोजलेली मतं असतात, त्यामुळे ‘पोलमधला कल’ असं जोडूनच लिहावं. मजकुरात जनमत चाचणी रुळलेलाच आहे. आणि मतदानाला वर्ष असताना उमेदवार कोण कोण उभे राहतील हेही पक्कं नसतं, तेव्हाच्या पोलला मला ‘चाचपणी’ सगळ्यात आवडतो, अंधारात हात फिरवून भिंत कुठे आहे बघतो तसं.

प्रायमरीला मात्र प्राथमिक निवडणूक करू नका, प्राथमिक म्हटलं की शाळा आठवते. पक्षांतर्गतही पूर्ण खरं नाही, न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला मतदारसुद्धा तिथे मत देऊ शकतो. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे ते तिकीट कोणाला हे ठरवायलाच मतदार रांगेत उभे राहतात, एवढं एका वाक्यात सांगून पुढे प्रायमरीच लिहावं. म्हणजे विचारलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रायमरीला वर्ष बाकी, पोलमधला कल सध्या अमक्याकडे.’ यातला ‘सध्या’ जागा नाही म्हणून गाळू नका.