अभ्यासात मागे असलेल्या मुलाला 'ढ' का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

आता कुणीतरी ब्राह्मीची, म्हणजे आपल्या देवनागरीच्या पूर्वज लिपीची, गोष्ट सांगणारच, त्याआधी मी बोलून घेतो.

सहावीत मला गणिताच्या चाचणीत पस्तीसपैकी चार मिळाले. सरांनी फळ्यावर भलामोठा 'ढ' काढला आणि मला त्याच्याखाली उभं केलं. अख्खा तास. घरी येऊन रडत सांगितलं तर काका खूश! "अरे, शिवी नाही ती. अशोकाच्या शिलालेखांपासून सगळी अक्षरं बदलली, 'ढ' तेवढा तसाच राहिला. प्रगती नाही, म्हणून ढ." हा किस्सा त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीतही ऐकवला.

चाळिशी उलटल्यावर मी हट्टाने ब्राह्मीचा वर्ग लावला. तक्ता पाहिला. 'क' म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह. 'ढ' खरंच आजच्यासारखा, फक्त डोक्यावर रेघ नाही. इथवर काका बरोबर. पण 'ठ' बघा, नुसता वाटोळा गोल. 'ट' अर्धा गोल. तेही कुठे फारसे बदललेत? मग मला 'ट' का नाही म्हणाले? शिवाय अशोकाची ब्राह्मी जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने उलगडली ती १८३७च्या सुमारास. त्याआधीच्या पंतोजींना 'ढ' बदलला की नाही हे कळणार कसं?

मला विचाराल तर कान लावा. ढिम्म, ढेकूळ, ढोर, ढिला, ढब्बू. सगळं जड, सुस्त, जागचं न हलणारं. ढ त्याच गोतावळ्यातला असावा, ब्राह्मी मागाहून चिकटवलेली.

अर्थ सोपा आहे, शिकवलेलं डोक्यात न शिरणारा. मठ्ठ जवळचा, पण 'ढ'ला बहुधा विषय लागतो: गणितात ढ, इंग्रजीत ढ. नालायक वेगळा. फारसीतला 'ना', अरबीतला 'लायक'. नालायक माणूस हुशारही असू शकतो, आमच्याकडे आहेत.

(ढाण्या वाघ आणि ढालसुद्धा 'ढ'चेच, तेव्हा माझी कानाची गोष्टही पुरावा नव्हे.)

तुमच्या मुलाला कुणी ढ म्हटलं असेल तर व्युत्पत्ती सांगत बसू नका, आधी त्याचा पेपर बघा. माझ्या पेपरात मागच्या पानावरचे नऊ गुण बेरजेत धरलेच नव्हते. आईच्या लक्षात आलं ते, पण सरांकडे जायची कुणाची छाती नव्हती. तेरा होत होते. पास! परवा काकांना तो पेपर दाखवला. म्हणाले, "पस्तीसपैकी तेराला काय हुशार म्हणतात?"