रब्बी ज्वारी आणि डाळिंबाच्या संशोधनावर सरकारने पैसा का घालावा?

"बियाणं कंपन्या काढतातच, मग रब्बी ज्वारी, डाळिंब यांच्या संशोधनाला सरकारी पैसा कशाला, आणि किती?" असं तुम्ही विचारलंय. आमच्या दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे हाच वाद घरात दर दिवाळीला पेटतो.

आमची शेती मंगळवेढा तालुक्यात. खाली काळं रान, वर माळाला लागून मुरमाड तुकडा. काळ्या रानात वडिलांनी जन्मभर मालदांडी केली. माळावर मात्र तीच ज्वारी दाणा भरायच्या वेळी वाळायची, कारण खाली ओलच उरायची नाही. दाजींच्या आग्रहाखातर तिथं एका वर्षी कंपनीचं संकरित बियाणं पेरलं. भाकरीला चव नव्हती आणि कडब्याला गिऱ्हाईक फिरकलं नाही.

मग वडील मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रावर शिवारफेरीला गेले. तिथल्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा विचारलं, "रान किती खोल आहे?" दुकानात हे कुणी विचारलं नव्हतं. हलक्या जमिनीसाठी त्यांनी फुले अनुराधा ही ज्वारी सांगितली. ओल संपायच्या आत ती निसवून भरते. त्या वर्षी परतीचा पाऊस बेताचाच होता, तरी कणसं भरली. वडिलांनी त्यातलीच चांगली निवडून पुढचं बी राखलं, भावकीलाही दिलं.

कंपनीला नको असतं ते नेमकं हेच. रब्बी ज्वारीचे बहुतेक वाण सरळ, म्हणजे पेरलं तसंच पुन्हा उगवणारे, त्यामुळे बी घरी राखता येतं. हंगाम वर्षाला एकच. संकर करून वाण स्थिर करायचा, मग ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या, यात दहा-बारा वर्षं सहज जातात. जी पिशवी शेतकरी दुसऱ्यांदा घेणार नाही, तिच्यासाठी एवढं कोण थांबेल? मालदांडी ३५-१ मोहोळलाच १९३० च्या दशकात निवडलेली, आजही पेरली जाते.

डाळिंबाला तर पहिला बहार धरायलाच दोनेक वर्षं थांबावं लागतं. भगवा हा वाण दिसायला देखणा, पण तेल्या रोगाला बळी पडतो. भगव्याचा रंग-गोडी असलेला आणि तेल्याला दाद न देणारा वाण काढायची घाई औषधं विकणाऱ्याला कशाला असेल? हे काम सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्यांचंच. ते केंद्र २००५ साली सुरू झालं.

किती द्यावा? दरवर्षी, न तोडता द्यावा. मधे एक वर्ष निधी अडला तर ज्वारीचा एक अख्खा हंगाम बुडतो, आणि डाळिंबाची चाचणीची झाडं तर पाण्यावाचून जळूनच जातात.

केंद्रांचं सगळं बरं चाललंय असं नाही. सप्टेंबरात पेरणी तोंडावर येते आणि हवं ते बियाणं हाताला लागत नाही, हा आमचाही अनुभव आहे. मक्यात, भाजीपाल्यात कंपन्यांनी चांगलं काम केलंय, तेही मान्य. दाजी नेहमी मकाच पुढे करतात. पण मक्याची पिशवी शेतकरी दरवर्षी नवी घेतो, म्हणून कंपनी त्यात पैसा घालते. ज्वारीत तो परत येत नाही, दाजी.