भाषा आणि विचार : नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडंसं

हे बघ, मूल भाषा कशी शिकतं यात स्किनर बरोबर (ऐकून, नक्कल करून, शाबासकी मिळून शिकतं म्हणणारा) का चॉम्स्की बरोबर (व्याकरणाचा पाया जन्मजात असतो म्हणणारा) या भांडणात सुरुवातीलाच पडू नकोस, आधी घरात नाहीतर शेजारी अडीच-तीन वर्षांचं पोरगं असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बस. 'मी करलं', 'बाबा जाला' असं काहीतरी ऐकू येईलच. आता घरात सगळे 'केलं', 'गेला' म्हणतात, मग हे 'करलं' आलं कुठून? नुसती नक्कल असती तर आलं नसतं ना, पोराने नियम स्वतःच काढलाय आणि जरा जास्तच लावलाय. १९५९ ला चॉम्स्कीने स्किनरच्या पुस्तकाचं जे परीक्षण लिहिलं त्यातला वाद असलं काही ऐकल्यावर पटकन डोक्यात शिरतो. पण म्हणून व्याकरण जन्मजातच असतं असं लगेच सिद्ध होत नाही हां, टोमासेलोसारखे मुलांच्या भाषेचे अभ्यासक म्हणतात की ऐकलेल्या वाक्यांतूनच मूल हळूहळू साचे काढतं, आणि मला स्वतःला ते जास्त पटतं.

मग पियाजे आणि वायगॉट्स्की, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे दोघे मानसशास्त्रज्ञ. मूल खेळताना एकटंच बडबडतं ना, पियाजेला ते आत्मकेंद्री बोलणं वाटलं, वायगॉट्स्की म्हणाला हेच पुढे आत जाऊन विचार बनतं. दोघांना जोडीनेच वाच.

व्हॉर्फ, म्हणजे आपली भाषाच आपला विचार घडवते म्हणणारा, तो मात्र जपून वाच. आपल्याकडे 'परवा' मागचाही आणि पुढचाही, म्हणून काय आपली कुणाची गाडी चुकते का?