मार्गदर्शक मंडळात कोण हवं आणि त्यांनी करायचं काय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जगभरातल्या समाजकार्य क्षेत्रातल्या मनुष्यबळाला बळ मिळावं म्हणून काही आंतरराष्ट्रीय संस्था अनुभवी माणसांचं मंडळ नेमतात आणि त्यांच्या सल्ल्याने काम चालवतात, हे तुमच्या वाचनात आलं. तुम्ही वीस-बावीस जण, कुणी बालसंरक्षण कक्षात कंत्राटी, कुणी दवाखान्यात समुपदेशक, कुणी संस्थेत, मिळून कोल्हापूर जिल्ह्यापुरता तसाच गट बांधायचा म्हणताय. त्यात ज्येष्ठ म्हणून कुणाला घ्यावं, त्यांच्याकडून काय मागावं, आणि चार वर्षांच्या नोकरीवर तुम्ही स्वतः त्या मंडळात बसू शकता का, असं तुम्ही विचारलंय.

मी 1993 साली एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन या कामात आले. बहुतेक सगळं आयुष्य याच जिल्ह्यात मुलांच्या कामात गेलं. तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

तुम्ही वाचलंत ते बहुधा ग्लोबल सोशल सर्व्हिस वर्कफोर्स अलायन्सबद्दल असावं. 2010 मध्ये केपटाउनला या विषयावर परिषद भरली होती. मुलांसाठी योजना आणि कायदे होतायत, पण ते दारापर्यंत नेणारी माणसं कुठे आहेत, हा तिथला मुद्दा. त्यातून पुढे 2013 मध्ये ही अलायन्स उभी राहिली. त्यांच्या कामाची मांडणी तीन शब्दांत मावते: नियोजन, घडण आणि पाठबळ. किती माणसं लागतील ते ठरवा, त्यांना शिकवून तयार करा, आणि कामावर असताना त्यांच्या मागे उभे राहा. युनिसेफने 2019 मध्ये बालसंरक्षणाच्या मनुष्यबळाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही याच तीन पायांवर उभी आहेत. आणि या मनुष्यबळात कोण कोण येतं याच्या त्यांच्या व्याख्येत सरकारी-बिनसरकारी, पगारी-बिनपगारी, पदवीधर आणि पदवी नसलेले, सगळेच येतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

तीन शब्दांपैकी नियोजनावर आपल्याकडे बैठका होतात, घडणीसाठी प्रशिक्षणं होतात, प्रमाणपत्रं मिळतात. पाठबळ मात्र कोरडं. आणि अनुभवी माणसाची खरी गरज तिथेच असते. कशी, ते माझ्यावरून सांगते.

नोकरीच्या पहिल्याच हंगामात मी कागल तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर गृहभेटीला गेले होते. नऊ वर्षांची मुलगी, शाळेत जात नाही, अशी तक्रार होती. मी जाऊन आले आणि अहवाल लिहिला: ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागरूकता नाही. मुलीस वसतिगृहात दाखल करणे योग्य.’ माझ्यावर एक परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) बाई होत्या. त्यांच्या टेबलावर कायम एक लाल पेन्सिल असायची. त्यांनी ‘हलाखीची’ या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, "चुलीवर काय होतं?"

मला सांगता येईना.

"किती वाजता गेली होतीस?" अकरा वाजता. "मग आई-बाप फडावर असणार. जागरूकता नाही हे तुला सांगितलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी परत तिथे होते, बाईंच्याच सांगण्यावरून. कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या तोंडाशी चूल, तिच्यावर तवा पालथा, रात्रीच्या दोन भाकरी फडक्यात बांधलेल्या. आई-वडील कोयते घेऊन गाडीत बसत होते आणि मुलगी आठ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन उभी. आईने जाता जाता मला सांगितलं, बाळाला ठेवायला जागा द्या, पोरगी आजपासून शाळेत बसवते. त्या बाईला शाळेची किंमत माझ्याइतकीच कळत होती. अडलं होतं ते बाळापाशी. मग वस्तीजवळच्या गावातल्या अंगणवाडी सेविकेशी बोलले. तान्ह्या बाळाला दिवसभर ठेवणं तिच्या कामात बसत नव्हतं, पण सेविका आणि तिच्या शेजारची एक म्हातारी मिळून तयार झाल्या. मुलगी हंगाम संपेपर्यंत गावच्या शाळेत बसली. माझा पहिला अहवाल तसाच पुढे गेला असता तर ती वसतिगृहात गेली असती, आणि बाळ कोपीत एकटं राहिलं असतं.

बाईंनी मला व्याख्यान दिलं नाही. एक प्रश्न विचारला आणि परत पाठवलं. आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी, त्या आम्हा तिघींना घेऊन बसायच्या आणि एकेक फाइल वाचायच्या. इंग्रजीत याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की हजेरीपट आणि मासिक प्रगती अहवाल एवढंच डोळ्यासमोर येतं. मी ‘फाइल घेऊन बसणं’ म्हणते. तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांकडून पहिलं काही मागायचं असेल तर हे मागा.

बाई निवृत्त झाल्या. जागा भरली गेली नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण जवळजवळ दोन वर्षं माझ्या अहवालांवर सही व्हायची आणि वाचत कोणीच नव्हतं. त्या काळात रेल्वे स्टेशनवर सापडलेला अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. घर इचलकरंजीला, आई-वडील दोघं यंत्रमागावर. मी घरी जाऊन आले. स्वच्छ खोली, रडणारी आई, मुलाचा फोटो भिंतीवर. लिहिलं, ‘कुटुंब सांभाळ करण्यास सक्षम आहे.’ मुलगा घरी गेला. बावीस दिवसांनी तो पुन्हा त्याच स्टेशनवर सापडला, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली. रात्रपाळीला बापाऐवजी तो मागावर उभा राहत होता आणि बाप झोपत होता. बाई असत्या तर त्यांनी लाल पेन्सिलीने एवढंच विचारलं असतं, "रात्रपाळीला कोण जातं?" मी विचारलं नव्हतं, आणि मला विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण एवढं सांगते की मी तेव्हा पाच वर्षांची अनुभवी होते, पदवीधर होते, मनापासून काम करत होते. तरीही ते पुरलं नाही.

आज कायदा जास्त नेमका आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, 15 दिवसांत व्हायला हवी, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीला 4 महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. समितीत अध्यक्ष आणि 4 सदस्य, त्यात किमान एक महिला, आणि महिन्यातून किमान 20 दिवस बैठक. समितीवर नेमणुकीसाठी मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव मागितला जातो किंवा संबंधित विषयातला व्यवसाय. चांगलंच आहे. पण समितीसमोर कागद येतो तो तपासणी करणाऱ्याचा. तो कागद ज्याच्या हातून लिहिला जातो, त्याच्या मानधनाची शाश्वती नसेल आणि त्याच्या शेजारी फाइल घेऊन बसणारं कोणी नसेल, तर वर कितीही अनुभवी माणसं बसवा, निर्णय त्या कागदाइतकाच पक्का होणार.

आता मोजणीबद्दल. दर एक लाख मुलांमागे समाजकार्य क्षेत्रातली किती माणसं आहेत, हा आकडा जागतिक पातळीवर मनुष्यबळ मोजायला वापरतात. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, एका माणसाकडे आज किती उघड्या फाइली, हे तुमच्या गटाने पहिल्या तीन महिन्यांत कागदावर आणलं तरी मोठं काम होईल. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, वापरा. जिल्हाधिकाऱ्यांसमोर ‘माणसं कमी पडतात’ म्हणण्यापेक्षा तालुकावार तक्ता ठेवला तर बैठकीचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. ज्येष्ठांचा इथे दुसरा उपयोग: तुमचं कंत्राट दर वर्षी नव्याने होतं, त्यामुळे तो तक्ता सहीनिशी पुढे करायला तुम्हाला भीती वाटणार. निवृत्त माणसाला ती भीती नाही. सही त्यांची घ्या.

समाजकार्यकर्त्यांच्या नोंदणीचंही कोणीतरी विचारलं होतं, तेवढं उरकते. वकिलांची, डॉक्टरांची परिषद आहे, समाजकार्याची सरसकट अशी वैधानिक परिषद भारतात नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आलेत, बाकीचे बाहेर. फिलिपिन्सने समाजकार्याच्या व्यवसायाचा कायदा 1965 मध्येच केला. आपल्या गटाच्या हातात हे नाही, पण शिवाजी विद्यापीठात आणि ‘सायबर’ या कोल्हापुरातल्या शिक्षणसंस्थेत समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मंडळात घ्याल तर त्यांनी हा विषय लावून धरावा.

आता व्याख्येतलं ते वाक्य. 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत निवारा होता, तिथे मी आठ दिवस होते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. ट्रकच्या ट्रक कपडे येत होते, बिस्किटं येत होती. मला हवी होती ती वेगळी माहिती: कोणतं मूल कोणाबरोबर आलंय, कोणाचे आई-वडील दुसऱ्या निवाऱ्यात गेलेत, कोण बाई नवव्या महिन्यात आहे. ती कोणाकडेच नव्हती, एका अंगणवाडी सेविकेकडे सोडून. तिने घर सोडताना दागिने घेतले नव्हते, सर्व्हेचं रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून आणलं होतं. कडा भिजलेल्या, शाई थोडी पसरलेली, पण सगळी नावं वाचता येत होती. दोन दिवसांत आम्ही त्या रजिस्टरवरून एकूण एक मूल जुळवलं. महिनाभराने आढावा बैठक झाली. व्यासपीठावर बरेच अनुभवी लोक होते. ती सेविका चहा वाटत होती.

म्हणून सांगते, मंडळात एक अंगणवाडी सेविका आणि एक आशा किंवा गटप्रवर्तक हवीच, आणि त्यांचा प्रवासखर्च, बुडालेला दिवस गटाने भरून द्यायला हवा. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून चालू आहे, इतका जुना अनुभव या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे आहे? शाहू महाराजांनी 1901 पासून इथे विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं उभी केली तेव्हा जागा दिली, पैसा दिला, आणि कारभार त्या त्या समाजातल्या माणसांच्या हाती ठेवला. आपल्याच गावात हे झालेलं आहे.

ज्येष्ठ निवडताना पदाकडे बघू नका. मुंबईला 1936 साली टाटांच्या मदतीने समाजकार्याची देशातली पहिली शाळा निघाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याआधी दहा वर्षं नागपाड्याच्या वस्तीत केंद्र चालवत होते. वस्ती आधी, वर्ग नंतर. तुम्ही ज्यांना बोलावणार त्यांना एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत तुम्ही कुणाच्या घरी गेला होता? ज्यांना उत्तर देता येईल त्यांना घ्या. ज्यांचं नाव मोठं आहे पण वेळ नाही, त्यांना वर्षातून एका कार्यक्रमाला बोलवा, मंडळात नको. मुदत दोन वर्षांची ठेवा. मीही दोन वर्षांनी उठेन.

राहता राहिला तुमचा प्रश्न, चार वर्षांचा अनुभव पुरतो का. मंडळात अर्धी माणसं सध्या कामावर असलेली हवीत, नाहीतर आम्ही जुनी माणसं 1986 च्या जुन्या बाल न्याय कायद्याच्या आठवणी सांगत बसू. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, प्रकरणात मुलीला न्यायालयात आज काय सोसावं लागतं, मोबाइलवरून घरं सोडून जाणारी मुलं कशी शोधायची, हे तुम्ही मला शिकवायचं आहे. तुम्ही बसा.

आणि सुरुवात उद्घाटनाने करू नका. महिन्याचा पहिला शनिवार ठरवा, दसरा चौकाजवळ कुणाचंही ऑफिस चालेल, दुपारी तीन ते पाच. प्रत्येकाने एक फाइल आणायची, नावं-पत्ते झाकून, आपल्याला जमली नाही अशी. पहिली फाइल मी आणते. स्टेशनवरच्या त्या मुलाची.