पावसाळ्यात काढलेल्या रानफुलांच्या फोटोंची डिजिटल स्क्रॅपबुक पानं कशी बनवायची?

अ‍ॅप कुठलंही घ्या. कॅनव्हा येत असेल तर कॅनव्हा, संगणकावर बसायची तयारी असेल तर गिंप, ते फुकट आहे. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात सोपा भाग. तुम्ही पुढे विचारलंय की पानं भरायला फ्रेम, फुलापानांची नक्षी आणि फुलपाखरांचे स्टिकर कुठे मिळतील, आणि तयार पान नातेवाइकांना कसं पाठवायचं. त्यातलं 'भरायला' हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नोकरीतली बरीच वर्षं सातारा-बामणोली रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत गेली. कास पठार 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते पोरांना घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जायचे. त्यांची एक वही आहे, शाळेच्या हजेरीपटासारखीच नेटकी. कुठलं फूल कुठे दिसलं, जमीन कशी होती, सण कुठला जवळ होता, सगळं त्यात आहे. सीतेची आसवं या रानफुलापुढे लिहिलंय, 'सड्यावर पाणी झिरपतं तिथे. गौरी जेवतात त्या सुमारास.' तारखेपेक्षा हे मला जास्त उपयोगी पडतं.

अण्णांच्या पंचाहत्तरीला त्यांना कासच्या फुलांचं एक पान छापून, फ्रेम करून द्यायचं ठरलं. फोटो माझे होते. पान करायचं काम दाजींनी अंगावर घेतलं, कारण लग्नाचे अल्बम करणं हा त्यांचा धंदाच आहे आणि त्यांचा हातही जलद आहे. समारंभाच्या दिवशी पान समोर आलं. चारी बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात गुलाब, मध्ये सीतेच्या आसवांचं एकच फूल वाटीएवढं मोठं करून, त्याला राणी रंग चढलेला. वर निळं चमकदार फुलपाखरू. ते मॉर्फो होतं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडे नीलवंत आहे, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलं. पण स्टिकरच्या पेटाऱ्यात तो नव्हता, म्हणून अमेरिकेतला पाहुणा सातारच्या सड्यावर येऊन बसला.

अण्णांनी चष्मा पुसला, पान जवळ घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, हे फूल कुठलं?"

दाजी म्हणाले, "अण्णा, तुमच्या कासचंच की."

"कासला असलं फूल नाही," अण्णा म्हणाले, आणि पान शांतपणे बाजूला ठेवलं.

ज्या माणसाने ते फूल आयुष्यभर पाहिलं, शेकडो पोरांना दाखवलं, त्याला ते ओळखू आलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नंतर दाजींशी बोलले, तर त्यांचं म्हणणं, "अगं, गिऱ्हाईकाला भरलेलं पान लागतं. रिकामी जागा दिसली की विचारतात, इथे काही टाकायचं राहिलं का? आणि नावंगावं वाचतंय कोण?" हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं: निसर्गाच्या फोटोचं पान बघणाऱ्याला फूल, पक्षी, किडा ओळखू आला पाहिजे. ओळखू येत नसेल तर ते पान वाया गेलं, मग त्याच्यावर कितीही सोनं ओता.

आता ते पान बिघडलं कुठे ते सांगते, म्हणजे तुम्ही काय करायचं तेही त्यातच येईल. पहिलं, रंग. सीतेची आसवं निळसर जांभळी असतात आणि घशाशी पांढरट डाग असतो. फोनचे कॅमेरे जांभळ्याच्या बाबतीत आधीच चुकतात, कधी निळ्याकडे ढकलतात, कधी गुलाबीकडे. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढलं की पाकळ्यांवरच्या रेघा आणि तो पांढरा डाग, दोन्ही बुडतात. ओळखीची खूणच गेली. माझा नियम असा की आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, नीट करायचा. फोटोत कुठेतरी पांढरं गेंदाचं रानफूल किंवा राखाडी दगड असेल तर त्यावर टिचकी मारून रंग जुळवायचा आणि सॅच्युरेशनला शक्यतो हात लावायचा नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, त्यात आपण आणखी फिरवाफिरवी कशाला करायची?

दुसरं, आकार. हे फूल नखाएवढं. ते एकटंच पानभर केलं की कमळासारखं वाटतं. म्हणून एका पानाला मी तीन फोटो घेते: एक लांबून, सगळा सडा दिसेल असा, एक गुडघ्यावर बसून, म्हणजे सोबतीला कोण उगवलंय ते दिसतं, आणि एक अगदी जवळून. जवळच्या फोटोत गवताची काडी किंवा कुणाचं बोट आलं तर ते कापून टाकू नका, मापाला तेवढंच असतं. सीतेची आसवं एकटी कधी नसतात, निळ्या गालिच्यात पांढरे गेंद मिसळलेले असतात, आणि ही वनस्पती कीटकभक्षी, मातीतल्या ओलाव्यात तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात. हे सगळं त्या पातळ, ओल्या मातीमुळे आहे. ती माती पानावर दिसायला नको का?

मग मी अण्णांसाठी दुसरं पान केलं. 12 इंच बाय 12 इंच, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 3600 बाय 3600 पिक्सेल. छापायचं असेल तर सुरुवातच एवढ्याने करा, छोटं करून मागाहून ताणलं की फाटतं. पार्श्वभूमीला बाजारातला डिजिटल कागद घेतला नाही. सड्यावरच्या जांभ्याचा एक फोटो माझ्याकडे होता, त्यावर दगडफुलाचे राखाडी चट्टे होते. तो मोठा केला, थोडा धूसर केला, कॉन्ट्रास्ट निम्म्याहून खाली आणला आणि वर फिकट रंगाचा थर दिला. तो रंगही आयड्रॉपरने त्याच दगडाच्या सावलीतल्या भागातून उचलला. पानातला प्रत्येक रंग त्याच पानावरच्या फोटोंतून घ्यायचा, एवढं पाळलंत तर रंगसंगतीचा अभ्यास करायची गरज पडत नाही.

नावाच्या चिठ्ठीसाठी अण्णांची वही उघडली. ते पान खिडकीपाशी, थेट ऊन न पडता, फोनवर टिपलं. गिंपमध्ये लेव्हल्स (उजेड-काळोख कमीजास्त करायची खिडकी) उघडून पांढऱ्याचा बाण डावीकडे ओढत गेले, पिवळट कागद पार पांढरा होईपर्यंत, आणि काळ्याचा थोडा उजवीकडे, म्हणजे शाई ठसठशीत होते. मग त्या थराचा (लेयरचा) मोड मल्टिप्लाय केला. पांढरं सगळं नाहीसं होतं आणि अक्षर थेट दगडावर लिहिल्यासारखं उमटतं. अण्णांचा 'ळ' खाली जरा लांब ओढलेला असतो, तो तस्साच आला. तुमच्या घरात कुणाचं हस्ताक्षर असेल, आजीची चिठ्ठी असेल, आईने डब्यावर लिहिलेलं नाव असेल, ही युक्ती वापरा. कुठलाही फॉन्ट त्याच्यापुढे फिका.

फॉन्ट वापरायचाच झाला तर 'मुक्ता' वाचायला स्वच्छ आहे, आणि 'तिरो देवनागरी मराठी'त ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर बसत असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर फॉन्ट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तुटक्या अक्षरांची कितीतरी पानं लोक तशीच छापतात. इंग्रजी शब्द असा तुटला असता तर छापला असता का?

सावली हा तिसरा घोळ. दाजींच्या पानात फोटोतला उजेड डावीकडून आणि फोटोंखालच्या सावल्याही डावीकडेच पडलेल्या, एकाची तर वर. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे डोळ्याला कळतं. मुख्य फोटोत ऊन कुठून आलंय ते बघा आणि पानावरच्या सगळ्या कागदांच्या सावल्या त्याच्या विरुद्ध बाजूला, एकाच कोनात, पातळ ठेवा. काळी सावली नको, पार्श्वभूमीच्याच रंगाची गडद छटा घ्या.

आणि जागा सोडा. माझ्या पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता दगड आहे. अण्णांनी ते पान हातात घेतल्यावर त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून सांगायला लागले, इथे पुढे तेरडा असतो, गौरीला आम्ही इथूनच न्यायचो, आणि तिकडे त्या अंगाला कवला, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. त्यातलं काही पानावर नव्हतं. जागा मोकळी नसती तर त्यांनी बोट ठेवलं कुठे असतं? दाजी तेव्हा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत.

आता पाठवण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलंत तर पान दाबून बारीक होतं, हस्ताक्षराच्या कडा जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण एक लक्षात ठेवा: मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून गेला तर तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही त्याच्या पोटातून जाऊ शकतात. तेरड्यासोनकीला त्याने काही होत नाही, पण कंदीलपुष्पासारखी दुर्मिळ वेल, आमरी म्हणजे ऑर्किड, पक्ष्याचं घरटं यांचं नेमकं ठिकाण फिरायला लागलं की मागोमाग माणसं पोचतात. कंदीलपुष्पाचा तर कंद खणतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं, ते उगाच नाही. पानावर 'सातारा तालुका' एवढं पुरे, आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन अशा वेळी बंदच ठेवा. तारीख मात्र पूर्ण लिहा. यंदा कारवी कधी फुलली हे सात-आठ वर्षांनी पुढच्या बहराला कुणीतरी विचारणारच आहे.

नुसतं पान पाठवू नका, कसं केलं तेही पाठवा. आमच्या मैत्रिणींच्या गटात पानाबरोबर थरांच्या यादीचा स्क्रीनशॉट टाकायची पद्धत पडली आहे. प्रत्येक थराला मराठीत नाव: 'जांभा', 'अण्णांचं अक्षर', 'सावली डावी'. त्यावरून समोरची बाई न विचारता तसंच पान करू शकते. थरांसकट फाइल द्यायची असेल तर फॉन्टचं नावही कळवा. तिच्याकडे तो नसला तर मजकूर दुसऱ्याच अक्षरात उघडतो आणि ओळी घसरतात. दुसऱ्याने काढलेला फोटो पानात असेल तर विचारून घ्या आणि त्याचं नाव फोटोच्या शेजारी लिहा, कोपऱ्यात लपवून नको. आपल्याकडच्या 1957 च्या कायद्याने आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क फोटो काढणाऱ्याचा आहे. गूगलवर सापडलेलं फूल 'आपलं कासचं' म्हणून चिकटवणं तर अजिबात नको.

एवढं कडक बोलले, पण दाजींचं लग्नाचं काम मी नाकारत नाही. नवरानवरीच्या पानाला सोनेरी वेलबुट्टी शोभते, तिथे ती हवीच. लहान मुलांबरोबर पान करत असाल तर त्यांना हवे तेवढे स्टिकर लावू द्या, फक्त फुलाचा रंग बदलू देऊ नका आणि नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या. नाव माहीत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. 'ओळख पटायची आहे' असं लिहून जागा सोडा, जाणकार भेटला की भरता येतं. अ‍ॅप निवडणं वर सोपं म्हटलं ते खरं, पण कॅनव्हात लेव्हल्सचं असं बारीक काम जमत नाही, हस्ताक्षराची युक्ती करायची असेल तर गिंप शिकावंच लागेल. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, मग हात बसतो.

छापायला देताना फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढा आणि आधी छोटा नमुना छापून बघा. पडद्यावरचा जांभळा छापील शाईत हमखास मंदावतो. दुकानदार "थोडा रंग वाढवून देतो" म्हणेल. त्याला नको म्हणून सांगा. पान थोडं फिकट आलं तरी चालेल.